दीव राखलं, माहीम गेलं

१५०९ सालच्या जानेवारीत, २१ तारखेला, पोर्तुगीजांचं आरमार मुंबईच्या पाण्यात शिरलं. हे आरमार कोणाचं, याची चौकशी करण्यात माहीमच्या लोकांनी वेळ घालवला नाही. तीनच आठवड्यांपूर्वी त्यानं दाभोळ बेचिराख केलं होतं. वाशिष्ठीच्या मुखावरचं ते आदिलशाही बंदर हज यात्रेकरूंचं, घोड्यांच्या आणि कापडाच्या व्यापाराचं होतं. तिथे उतरलेल्या सैनिकांनी बायका, मुलं, म्हातारे असा काही भेद केला नाही. ती बातमी किनाऱ्यानं पुढे धावली. त्यामुळे पोर्तुगीजांच्या होड्या शिधा शोधत किनाऱ्याला लागल्या, तेव्हा गावं रिकामी होऊ लागली होती. खाडीत एक गुजराती गलबत त्यांच्या हाती लागलं. थोडाफार शिधा गोळा करून आरमार उत्तरेकडे निघून गेलं.

माहीमवर कोणाचा राग नव्हता. व्हाइसरॉय फ्रान्सिश्कु द अल्मैदाला दीव गाठायचं होतं. तिथे त्याच्या मुलाच्या मृत्यूला कारण झालेले दोघे होते. एक इजिप्तच्या मामलूक सुलतानाचा सेनापती अमीर हुसेन, दुसरा दीवचा अंमलदार मलिक अयाज. कोकणच्या किनाऱ्यावरची गावं केवळ वाटेत होती.

आजचं प्रभादेवी त्या वेळी माहीम बेटाचाच भाग होतं, खालचं माहीम. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळ्यांची वस्ती, भातखाचरं आणि पलीकडे वरळीच्या बेटापर्यंत भरतीचं पाणी. बेटाचा कारभार माहीमच्या ठाण्यातून चाले आणि ठाणं होतं गुजरातच्या सुलतानाचं. हे सुलतानी मुलखाचं दक्षिण टोक. राजधानी लांब, आणि खाडी ओलांडून खाली गेलं की चौलला निजामशाही. अशा टोकाच्या ठाण्याचं नशीब नेहमीच डळमळतं. १४२९ च्या सुमारास इथला गुजराती अंमलदार वारला आणि बहामनी सरदार खलफ हसन लगेच येऊन बसला. गुजरातच्या अहमदशहानं आरमार आणि फौज धाडून माहीम परत घेतलं. त्याच शतकाच्या अखेरीस बहामनी बंडखोर बहादूर गिलानीच्या जहाजांनी ते जाळलं. मखदूम अली माहिमी यांच्यासारखा विद्वान फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचा पंडित, इथे होऊन गेला, त्यांचा दर्गा आजही गजबजलेला असतो. पण राजकारणाच्या पटावर माहीम हे दूरचं, द्यायला-घ्यायला सोपं प्यादं होतं.

दीवची गोष्ट अगदी उलटी होती, आणि ती उलटी असण्याचं कारण होता मलिक अयाज.

अयाज जन्मानं परदेशी आणि गुलाम. कोणी त्याला रशियन म्हणतं, कोणी गुर्जी. तुर्कांच्या हाती सापडून, विकला जाऊन तो एका व्यापाऱ्याबरोबर गुजरातेत आला. पोर्तुगीज इतिहासकार जुआंव द बारुश त्याच्या भाग्योदयाची एक कथा देतो. सुलतान महमूद बेगडा मोहिमेवर असताना वर उडणारी घार त्याच्या अंगावर घाण टाकून गेली. सुलतान संतापला, आणि या तरुणानं एका बाणात घार पाडली. कथा खरी असो वा दरबारी, गुलाम मोकळा झाला, हुद्दे चढत गेला आणि दीवचा अंमलदार बनला, एवढं नक्की.

काठेवाडच्या टोकाशी चिकटलेलं हे लहानसं बेट अयाजनं पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर करून दाखवलं. तांबडा समुद्र, होर्मुज, मलबार, मलाक्का, सगळीकडची जहाजं तिथे लागत. खंबायती कापड बाहेर जाई. तांबं, पारा, घोडे, मसाले आत येत. बंदराला त्यानं तट घातला. खाडीच्या मुखाशी पाण्यातच बुरूज उभारला आणि तिथून आडवी लोखंडी साखळी टाकली, परकं जहाज आत येऊ नये म्हणून. तोफा जमवल्या, वल्ह्यांच्या हलक्या गलबतांचं आरमार बांधलं. ‘मिरात-ए-सिकंदरी’ या गुजरातच्या इतिहासात त्याच्या मुक्तद्वार भोजनपंक्तीचं कौतुक आहे. जकातीच्या उत्पन्नातून सुलतानाकडे भरघोस भरणा आणि दरबाऱ्यांना नजराणे जात. दीवचा अंमलदार बदलावा असं सुलतानाला वाटू नये, याची ती तजवीज होती.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरल्यापासून हा सारा व्यापार धोक्यात आला. पोर्तुगीजांनी समुद्रावरच मालकी सांगितली. त्यांचा परवाना घेतल्याशिवाय जहाज हाकारलं तर ते लुटायचं किंवा बुडवायचं, असा त्यांचा कायदा. मिऱ्यांचा जुना मार्ग तांबड्या समुद्रातून कैरोकडे जात असे. त्यावरच्या जकातीवर मामलूक सुलतानाचा खजिना चाले. म्हणून त्यानं सुएझहून अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवलं आणि ते दीवला येऊन थांबलं.

इथे अयाज पेचात सापडला. हुसेनला नाही म्हणावं तर इस्लामी जगताशी वैर आणि दरबारात बदनामी. हो म्हणावं, आणि हुसेन जिंकला, तर दीवच्या उरावर कैरोचं आरमार कायमचं बसणार. तो हरला तर पोर्तुगीज सूड घेणार दीववर. अयाज हुसेनबरोबर निघाला, पण आपल्या चालीनं.

मार्च १५०८. चौलजवळच्या खाडीत व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सु द अल्मैदा कोचीनच्या व्यापारी जहाजांची राखण करत उभा होता. हुसेनची जहाजं आधी पोचली आणि लढाई अनिर्णित राहिली. अयाजची गलबतं उशिरा आली, आणि तीच निर्णायक ठरली. पोर्तुगीज जहाजं बाहेर पडू लागली तेव्हा लोरेन्सुचं जहाज पाणी घेऊ लागलं होतं, आणि मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांत ते अडकलं. तोफेच्या गोळ्यानं त्याची मांडी फुटली. डोलकाठीला टेकून तो हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्यानं गेला. हिंदी महासागरात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. तो आपल्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर झाला.

त्यानंतर अयाजनं जे केलं त्यात त्याचा सगळा स्वभाव दिसतो. हाती लागलेले पोर्तुगीज कैदी त्यानं हुसेनला दिले नाहीत. दीवला नेऊन त्यांच्या जखमांवर उपचार केले, त्यांना चांगलं ठेवलं. व्हाइसरॉयला पत्र धाडून मुलाच्या शौर्याची वाखाणणी केली आणि दुःख व्यक्त केलं. विजयाचा धुरळा खाली बसण्याआधीच तो पुढच्या तहाची तयारी करत होता. कैदी म्हणजे त्याच्या हातातली हुंडी होती.

अल्मैदाच्या उत्तराची गोष्ट पोर्तुगीज इतिहासात प्रसिद्ध आहे. ज्यांनी पिल्लू खाल्लं त्यांना आता कोंबडाही खावा लागेल, नाहीतर किंमत मोजावी लागेल, असा त्याचा आशय. लिस्बनहून त्याच्या जागी आफोंसु द आल्बुकर्क नेमला जाऊन कण्णूरला येऊन पोचला होता, तरी अल्मैदानं अधिकार सोडला नाही. आधी सूड, मग राजीनामा. दाभोळ जाळत, चौलला खंडणी मागत, माहीमला शिधा शोधत तो दीवपाशी आला तो या हट्टापायी.

३ फेब्रुवारी १५०९ रोजी दीवच्या तोंडाशी लढाई झाली. एका बाजूला मामलूक, कालिकतच्या सामुतिरी राजाची गलबतं आणि अयाजची गलबतं. दुसऱ्या बाजूला अल्मैदाची अठरा जहाजं. पोर्तुगीज तोफा आणि उंच काठांची जहाजं यांपुढे मित्रपक्षाचा निभाव लागला नाही. हुसेन पळाला. अयाजची गलबतं लढली, पण अयाज स्वतः किनाऱ्यावर होता. लढाईच्या आधीच त्याचे आणि व्हाइसरॉयचे निरोप सुरू झाले होते. निकाल लागताच त्यानं चौलचे कैदी चांगल्या पोशाखात परत पाठवले, दीवच्या व्यापाऱ्यांकडून पैसा गोळा करून दिला आणि बंदरच देऊ केलं. अल्मैदानं पैसा घेतला. बंदर नाकारलं, कारण इतकी मोठी जागा राखायला त्याच्याकडे माणसं नव्हती. अयाजला ही अडचण ठाऊक असावी. शत्रूला पेलणार नाही तेवढंच देऊ करण्यात धोका कमी असतो. मामलूक कैद्यांना मात्र अल्मैदानं हाल करून मारलं. वर्षभरानं, मायदेशी परतताना, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ स्थानिक खोईखोई लोकांशी झालेल्या चकमकीत तो स्वतः मारला गेला.

या प्रसंगाचा हिशेब मांडला तर दीवचा एक चिरा हलला नाही. दाभोळ जळलं, चौलनं धास्ती घेतली, माहीम रिकामं झालं. दाभोळ-चौल गुजरातची नव्हतीच, त्यामुळे त्यांच्यासाठी अयाजनं रडण्याचं कारण नव्हतं. माहीम गुजरातचं होतं. पण अयाज साऱ्या किनाऱ्याचा राखणदार नव्हता. त्याला एक बंदर राखायचं होतं, आणि ते त्यानं अशा रीतीनं राखलं की लाट आली तर ती दुसरीकडे फुटावी.

पुढची वर्षं या डावपेचांची आहेत. १५१० मध्ये आल्बुकर्कनं गोवा घेतलं आणि त्याचा डोळा दीववर गेला. १५१३ मध्ये एडनहून परतताना तो दीवला आला. अयाजनं त्याचा इतका पाहुणचार केला की एवढा गोडबोल्या दरबारी आणि एवढा कसबी फसवणारा आपण पाहिला नाही, असा अभिप्राय आल्बुकर्कच्या नावावर नोंदला गेला. फसवल्यावरही माणूस समाधानानं परत जातो, हे त्याला विशेष वाटलं.

खरी झुंज गुजरातच्या दरबारात चालली होती. तिथे मलिक गोपी हा वजनदार ब्राह्मण मुत्सद्दी पोर्तुगीजांशी सलोखा करावा या मताचा. सुरतेच्या व्यापाराला शांतता हवी होती. अयाज म्हणे, मैत्री खुशाल करा, किल्ला बांधू देऊ नका. १५१४ मध्ये आल्बुकर्कचे वकील किल्ल्याची परवानगी मागायला आले. सुलतान मुजफ्फरशहानं दीव द्यायला साफ नकार दिला, आणि त्याऐवजी दुसरी बंदरं सुचवली गेली. त्या नावांत भडोच होतं, सुरत होतं आणि माहीमही होतं. माहीम नावाची ठाणी या किनाऱ्यावर दोन, एक केळव्याजवळचं. पण कुठलंही धरलं तरी वृत्ती एकच दिसते. दीव राखायचं, तर दक्षिणेकडचं काही देऊ करायचं. पोर्तुगीजांनी ते घेतलं नाही. वकिलांबरोबर सुलतानानं भेट म्हणून एक गेंडा पाठवला. तो गोव्याहून जहाजानं १५१५ च्या मे महिन्यात लिस्बनला पोचला. कित्येक शतकांत युरोपात जिवंत गेंडा दिसला नव्हता. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो न पाहताच, वर्णनावरून, त्याचं चित्र कोरलं आणि ते जगप्रसिद्ध झालं. किल्ला मागितला आणि गेंडा मिळाला, हे अयाजच्या धोरणाचं यश म्हणावं लागेल.

म्हातारपणी त्याची वेळ फिरू लागली. १५२०-२१ मध्ये सुलतानानं त्याला राणा संगाविरुद्ध मेवाडच्या मोहिमेवर पाठवलं. सवयीप्रमाणे त्यानं तिथेही तह केला. समुद्रावर ज्याला शहाणपण म्हटलं गेलं, त्यालाच जमिनीवर कच खाणं म्हटलं गेलं; दरबारी नाराज झाले. याच सुमारास गव्हर्नर दियोगु लोपिश द सिकैरा मोठं आरमार घेऊन दीवला आला. अयाज हजर नव्हता, पण त्याच्या मुलानं आणि सरदारानं बंदर इतकं सज्ज ठेवलं होतं की सिकैरा हल्ला न करता फिरला. दीव जमत नाही म्हटल्यावर त्यानं चौल धरलं. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाची परवानगी काढून तिथे किल्ल्याचं काम सुरू झालं. अयाजचा सरदार आगा मुहम्मद हलकी गलबतं घेऊन चौलच्या तोंडाशी बरेच दिवस छळत राहिला, पण किल्ला उभा राहिलाच. माहीमपासून समुद्रानं दिवसभराच्या अंतरावर पोर्तुगीजांना कायमचा तळ मिळाला. १५२२ मध्ये अयाज वारला. दीव अजून गुजरातचं होतं.

त्याच्यानंतर काय झालं यावरून तो काय करत होता हे कळतं. थोरला मुलगा इसहाक नव्या सुलतान बहादूरशहाविरुद्ध बंड करून संपला. धाकट्या मलिक तुघानकडे दीव आलं. आरमार होतं, तट होता, तोफा होत्या. पण दरबारात बापाचं जे वजन होतं ते वारसानं मिळण्यातलं नव्हतं. १५२९ मध्ये चौल आणि वांद्र्याच्या दरम्यान एतोर द सिल्व्हैरानं अलीशहाच्या गुजराती आरमाराची दाणादाण उडवली. ठाणे शहरानं खंडणी कबूल केली. १५३१ च्या आरंभी गव्हर्नर नुनु द कुन्यानं दीववर चालून जाण्यासाठी सगळी ताकद मुंबईच्या बंदरात एकत्र केली. लहानमोठी मिळून सुमारे ४०० जहाजं. माहीमच्या मालकावर हल्ला करायला माहीमशेजारचंच बंदर तळ म्हणून वापरलं जात होतं, आणि त्याला अडवणारं कोणी नव्हतं. दीव त्या वर्षी वाचलं ते तांबड्या समुद्रातून ऐन वेळी येऊन पोचलेल्या मुस्तफा रूमीखानाच्या तोफांमुळे. बक्षीस म्हणून दीव त्याच्याकडे गेलं. तुघानची रवानगी झाली वसईला.

वसईला तुघाननं खाडीकाठी तटबंदी आणि खंदक उभा केला. उत्तर कोकणात पोर्तुगीजांना रोखायचा गुजरातचा हा पहिला गंभीर प्रयत्न, आणि तो वीस वर्षं उशिरा झाला. जानेवारी १५३३ मध्ये नुनु द कुन्या चालून आला. तुघानपाशी हजारोंची फौज होती, तरी तट पडला. पोर्तुगीजांनी तो जमीनदोस्त केला. वसईपासून तारापूरपर्यंतची गावं जाळली आणि ठाणे, वांद्रे, माहीम, मुंबई यांच्याकडून खंडणी बांधून घेतली. बापानं ज्या लढाया बोलण्यावर टोलवल्या, त्या मुलाला तटावरून लढाव्या लागल्या.

तरीही माहीम गेलं ते या पराभवामुळे नव्हे. खंडणी देणारं ठाणं अजून सुलतानाचंच होतं. ते गेलं १५३४ मध्ये, कारण उत्तरेतून हुमायून गुजरातवर येत होता आणि बहादूरशहाला समुद्राची बाजू शांत हवी होती. २३ डिसेंबर १५३४ रोजी ‘सांव मातेउश’ या पोर्तुगीज जहाजावर तह झाला. वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख, साष्टी, माहीम, मुंबईसकट, पोर्तुगालच्या राजाला देण्यात आला. गुजरातच्या जहाजांनी वसईला येऊन परवाना घ्यायचा, असंही कलम होतं. पुढच्याच वर्षी हुमायूनच्या धास्तीनं सुलतानाला दीवमध्येही किल्ल्याची परवानगी द्यावी लागली. पंचवीस वर्षं अयाज आणि त्याचा वारसा जे टाळत आला ते असं झालं. फेब्रुवारी १५३७ मध्ये दीवच्याच समुद्रात, पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत बहादूरशहा मारला गेला.

तहाच्या कागदानं खालच्या माहीमचं आयुष्य बदललं. बेटं जहागिरीच्या पद्धतीनं पोर्तुगीज धन्यांना लावून देण्यात आली, पाद्री आले, देवळं गेली. प्रभावती देवीची मूर्ती त्या पडझडीत विहिरीत लपवून ठेवली गेली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी, इंग्रजी अमलात, आजच्या जागी तिची पुन्हा स्थापना झाली, असं परंपरा सांगते. पौष पौर्णिमेला सुरू होणारी प्रभादेवीची जत्रा याच देवीची. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, गोखले रोडवर, १५९६ साली फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी स्थापलेलं पोर्तुगीज चर्च आहे. दोन्हीकडे आजही गर्दी असते, आणि दोन्हींचा इतिहास त्या एका तहाशी जोडलेला आहे.

सव्वाशे वर्षांनी हाच खेळ पोर्तुगीजांच्या वाट्याला आला. १६६१ च्या विवाहकरारानं लिस्बनच्या दरबारानं मुंबई इंग्लंडच्या राजाला देऊन टाकली. गोव्याचा पोर्तुगीज अधिकारी अंतोनियु द मेलु ए काश्त्रु ती द्यायला तयार नव्हता. इंग्रज मुंबईत बसले की आपला हिंदुस्थान गेला, असं त्यानं आपल्या राजाला कळवलं. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन अंजदीव बेटावर वाट पाहत मेला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये हम्फ्री कुकला बेट मिळालं. माहीम यात येत नाही, ते वेगळं बेट आहे, असं पोर्तुगीज म्हणत राहिले. कुकनं तेही बळकावलं. मेलु ए काश्त्रुचं भाकीत बरोबर होतं, पण त्याचा उपयोग शून्य होता, कारण सौदा त्याच्यावरच्यांनी केला होता.

स्थानिक अंमलदाराच्या शौर्याच्या आणि फितुरीच्या कथा आपल्याला पाठ असतात. मलिक अयाज या दोन्हींत बसत नाही. तो मोठा योद्धा नव्हता आणि फितूर तर नव्हताच. त्यानं ओळखलं होतं की आपलं ठाणं शत्रूइतकंच आपल्या धन्यापासूनही वाचवावं लागतं. सुलतानाला दीव देण्यापेक्षा ठेवण्यात फायदा वाटेल, अशी व्यवस्था त्यानं दर वर्षीच्या भरण्यानं, नजराण्यानं आणि दरबारातल्या शब्दानं उभी केली. माहीमसाठी दरबारात असा शब्द टाकणारं कोणी नव्हतं. त्याचं उत्पन्न बेताचं, अंतर लांब, आणि किंमत ठरवणारे नेहमी दुसऱ्या शहरात बसलेले. या बेटावरची सत्ता १५३४ आणि १६६५ या दोन्ही वेळा पालटली, ती इथे कोण जिंकलं यावरून नव्हे, तर दूरच्या दरबारात त्याची गरज कोणाला उरली नव्हती यावरून.